मानेतली नस आणि मामांची स्मरणशक्ती

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मामांची उभी हयात नोटा मोजण्यात गेली. मागच्या दिवाळीत दूधवाल्याला द्यायच्या पाच नोटा त्यांनी तीनदा मोजल्या आणि मग गुपचूप मामीच्या हातात ठेवल्या. तपासण्या झाल्या. मानेच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, डावी कॅरोटिड (मानेतून मेंदूला रक्त नेणारी मोठी नस) साठ टक्क्यांच्या आसपास अरुंद निघाली. लकव्याचं एकही लक्षण नव्हतं, तरी एके ठिकाणी सांगण्यात आलं, "नस साफ करून घ्या, डोकं पहिल्यासारखं चालेल." मामी त्या वाक्यावर आशा लावून बसल्या, म्हणून त्यामागचा इतिहास लिहितो आहे.

मानेचा आणि शुद्धीचा संबंध माणसाला फार पूर्वीच कळला होता. सुश्रुतसंहितेतल्या मर्मांमध्ये, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांमध्ये, मानेतल्या नीला आणि मन्या येतात. त्यांना इजा झाली तर वाचा जाते, स्वर बिघडतो. ‘कॅरोटिड’ हे नावही गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं, कारण ती दाबली की माणूस भान हरपतो. 1664 मध्ये इंग्लिश डॉक्टर थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याचं काम उलगडलं. मानेतली एक नस पूर्ण बंद होऊनही काही जण धडधाकट राहतात, ते या कड्यामुळे. दुसऱ्या बाजूचं रक्त तिथून वळून येतं.

अर्धांगवायूचं मूळ मानेत असू शकतं, हे ठामपणे मांडलं ते 1951 मध्ये माँट्रियलचे मेंदूविकारतज्ज्ञ सी. मिलर फिशर यांनी. जबड्याच्या कोनाखाली कॅरोटिडला दोन फाटे फुटतात. तिथे चरबीचा थर साचतो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून वर मेंदूत जातो. त्याच वर्षी फिशर यांनी आणखी एक लेख लिहिला : म्हातारपणीच्या बुद्धिभ्रंशामागेही या बंद वाहिन्या असतील का? मामींचा प्रश्न इतका जुना आहे.

पुढची शस्त्रक्रिया मात्र झटक्याच्याच, म्हणजे अर्धांगवायूच्याच, मागे लागली. 1953 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला सर्जन मायकेल डिबेकी यांनी एका बसचालकाच्या मानेतली नस उघडून आतला थर सोलून काढला. 1954 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात 66 वर्षांच्या एका बाईंवर शस्त्रक्रिया झाली. त्यांना थोड्या वेळात आपोआप ओसरणारे 33 झटके येऊन गेले होते. मेंदू वाचावा म्हणून त्यांचं शरीर आधी गार केलं, मग अरुंद भाग कापून टोकं जोडली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला आणि मग या ऑपरेशनची लाटच आली. 1985 पर्यंत एकट्या अमेरिकेत वर्षाला लाखाच्या वर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि त्यांचा फायदा नेमका किती, याचा भक्कम पुरावा तोवर नव्हता. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

तो पुरावा 1991 मध्ये आला. नुकताच सौम्य झटका येऊन गेलेल्या आणि 70 टक्क्यांहून जास्त अरुंद नस असलेल्या रुग्णांत, ऑपरेशनमुळे दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 9 वर आलं. अशा माणसाला हे ऑपरेशन खरंच वाचवतं. लक्षणंच नसलेल्यांत फायदा बराच लहान आहे.

स्मरणशक्तीचं गणित अवघड आहे. काही ठिकाणी हे ऑपरेशन फक्त मान बधिर करून, रुग्ण जागा असताना होतं. ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात पिळलं की वाजणारं खेळणं देतात. रक्त थांबवायला नसेला चिमटा लावला की डॉक्टर म्हणतात, "दाबा". आवाज थांबला की मेंदूला रक्त कमी पडतंय हे कळतं. हाताचं असं लगेच कळतं. बुद्धीसाठी असं खेळणं नाही. चिमटा लावताना-काढताना बारीक कण वर जाऊ शकतात, त्यामुळे काहींची बुद्धी थोडी मंदावते. काहींची सुधारलेली दिसते, पण तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की कोणालाही जास्त गुण पडतात.

‘रक्त वाढलं की डोकं चालेल’ ही कल्पना वेगळ्या वाटेनेही तपासून झाली. कॅरोटिड पूर्ण बंद असलेल्यांना कवटीबाहेरची रक्तवाहिनी मेंदूच्या वाहिनीला जोडून बायपास दिला. बौद्धिक चाचण्यांत नुसत्या औषधांपेक्षा फायदा दिसला नाही. लक्षणं नसलेल्या 3,120 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या ब्रिटन आणि स्वीडनमधल्या लोकांचा पुढे अनेक वर्षं माग काढला गेला. लवकर ऑपरेशन झालेले आणि न झालेले, दोन्ही गटांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. ऑपरेशनने तो टळला नाही आणि वाढलाही नाही. उलट रक्तदाब कडक आटोक्यात ठेवला, तर स्मृतीच्या सौम्य तक्रारी कमी होतात, असं 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

हे सगळं दुसऱ्या डॉक्टरांनी मामींना तासभर बसून समजावलं. मग बुद्धीची एक सोपी चाचणी म्हणून त्यांनी मामांना कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. काटे थोडे चुकले. मामा शुद्ध शाकाहारी, जेवण भाकरी-भाजीचं, दूधही चहापुरतं. अशा आहारात बी-12 जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्याने स्मरणशक्तीही मंदावते, तरीही मामांचं बी-12 तोवर कोणी तपासलंच नव्हतं. ते बरंच कमी निघालं. आता इंजेक्शनं चालू आहेत, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी आहे, तंबाखूची डबी मामींनी काढून घेतली आहे आणि मानेचा डॉप्लर सहा महिन्यांनी पुन्हा करायचा आहे.