गॅरेजची गोष्ट खरी, पण अर्धीच

१९३९ साल, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोतलं एक गॅरेज, दोन इंजिनिअर मित्र आणि ह्युलेट-पॅकार्ड. ही गोष्ट सांगून झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: राज्य सरकारने कर कमी करावेत आणि बाजूला व्हावं, नवनिर्मिती आपोआप होते. गॅरेज खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा.

कर कमी असणं हेच गुपित असतं, तर कॅलिफोर्निया मागेच पडायला हवा होता. तिथला आयकराचा वरचा दर अमेरिकेतल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहे. मग त्या राज्याने केलं काय?

एक जुना कायदा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही किंवा स्वतःचा तसाच धंदा काढणार नाही, असं कंपनीने कितीही लिहून घेतलं तरी १८७२ पासून कॅलिफोर्नियात ते जवळपास रद्दबातलच. हा कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात चिप नव्हती, हे उघड आहे! पण १९५७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकलींच्या तिथल्या प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. त्यांच्यापैकीच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. माणसं हलली, तसं ज्ञानही हललं. उलट मिशिगनने १९८५ मध्ये अशा करारांवरची बंदी उठवली. तिथल्या संशोधकांचं नोकरी बदलण्याचं प्रमाण घटल्याचं पुढे अभ्यासात दिसलं.

दुसरं म्हणजे शिक्षण. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्याने संशोधन विद्यापीठं, राज्य महाविद्यालयं आणि सर्वांना खुली कम्युनिटी कॉलेजं अशी उतरंड लावून दिली. खालून वर जायची वाटही ठेवली.