भरती आली की पाणी घरात येत नाही का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या काकू वर्षातून एकदा तरी कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जातात. बडोद्याहून सुमारे 75 किलोमीटरवर, खंभातच्या आखाताच्या काठी असलेल्या या देवळातील शिवलिंग दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागते, त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी तिथी आणि भरतीची वेळ पाहावीच लागते. या वर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास मालदीवमध्ये पाण्यावर उभारलेल्या एका बंगल्यात चार रात्री राहून मी परत आलो, तेव्हा सर्वांना त्या निळ्या पाण्याचे कौतुक वाटले. काकूंनी मात्र फोटो बराच वेळ निरखून विचारले, “अरे, पण भरती आली की पाणी घरात येत नाही का?”

ज्यांनी भरती फक्त पुस्तकात वाचली आहे, त्यांना हा प्रश्न सुचत नाही. तो सुचण्यासाठी कंबोईच्या पायऱ्यांवर उभे राहून पाणी अंगावर येताना पाहिलेले असावे लागते. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही, कारण त्या बंगल्याखालचा समुद्र शांत का आहे हे सांगायचे, तर तो समुद्र तिथे तयार कसा झाला इथपासून सुरुवात करावी लागते.

प्रथम मी स्वतः पाहिलेले सांगतो. बंगल्याच्या मागच्या सज्जातून पाण्यात उतरण्यासाठी लाकडी शिडी होती. तिच्या पायऱ्यांवरून पाण्याची पातळी मी चार दिवस वहीत टिपून ठेवली. पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती आणि ओहोटी यांच्यातील फरक जेमतेम तीन पायऱ्यांचा भरला. भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकत होती आणि चंद्राच्या हिशेबाने तसेच व्हायला हवे. पूर्ण भरतीलाही सज्जाच्या फळ्या पाण्यापासून माझ्या छातीएवढ्या उंच राहत होत्या. मालदीवमध्ये उधाणाच्या वेळीसुद्धा पाण्याची चढ-उतार साधारण एक मीटरच्या आतबाहेर असते. कंबोईच्या समोर, आखाताच्या पलीकडच्या काठावर असलेल्या भावनगरला हाच फरक उधाणाच्या दिवसांत 10 मीटरांच्या घरात जातो, आणि म्हणून तेथील बंदरात ओहोटीच्या वेळी जहाजे तरंगती ठेवण्यासाठी पाणी अडवणारे दरवाजे बांधावे लागले आहेत.

चंद्र तोच, पौर्णिमा तीच आणि समुद्रही एकाच हिंदी महासागराचा भाग. मग इतका फरक का पडतो? याचे कारण समुद्राच्या तळात आहे. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे खुल्या महासागरात जी भरतीची लाट तयार होते, ती शेकडो-हजारो किलोमीटर लांब असते, पण तिची उंची अर्ध्या ते एक मीटरच्या आसपासच असते. अशा लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे 700 किलोमीटर वेगाने धावते, तर 50 मीटर खोलीच्या पाण्यात तोच वेग ताशी 80 किलोमीटरवर येतो. पुढची लाट मंदावते, मागून येणारे पाणी तिच्यावर चढते आणि लाट उंच होत जाते. मुंबईपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर रुंदीचा उथळ पाट असल्यासारखा पसरलेला आहे आणि खंभातचे आखात तर नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. मुंबईला उधाणात पाच मीटरच्या जवळपास असलेली भरती आखातात शिरून दुप्पट होते, ती या दोन गोष्टींमुळे. त्यातच या आखाताच्या लांबी-खोलीमुळे पाण्याचा नैसर्गिक हेलकावा भरतीच्या तालाशी जुळत असल्याने, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसा प्रत्येक भरतीने त्याला आणखी जोर मिळतो.

मालदीवची बेटे याच्या अगदी उलट आहेत. ती हजारो मीटर खोल समुद्रातून एकदम वर आलेल्या डोंगराच्या माथ्यावर आहेत. लाटेला मंदावायला, फुगायला तिथे उथळ तळच नाही, म्हणून खुल्या समुद्रातील लहानशी भरती जशीच्या तशी बेटापाशी येते आणि निघून जाते. 26 डिसेंबर 2004 रोजी आलेली त्सुनामीही लांब लाटच होती, आणि सपाट, ठेंगण्या मालदीवमध्ये शंभराच्या आसपास माणसे दगावली असली, तरी इतर देशांच्या किनाऱ्यांवर ती जशी उंच झाली तशी येथे झाली नाही, त्यामागेही हेच कारण होते.

या बाबतीत ताहितीचे उदाहरण मला सर्वांत सुंदर वाटते. पॅसिफिक महासागरातील या बेटापाशी चंद्राच्या भरतीचा प्रभाव जवळजवळ शून्य होतो. महासागरात भरतीची लाट काही स्थिर बिंदूंभोवती फिरत असते. फिरत्या ताटाची कड जोरात फिरते पण मधला बिंदू जागचा हलत नाही, त्याप्रमाणे त्या बिंदूंवर पाणी चढत-उतरत नाही. ताहिती अशाच एका बिंदूच्या जवळ असल्याने तेथे उरते ती सूर्याची लहान भरती, फूटभर उंचीची. आणि ती सूर्याची असल्यामुळे रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकत नाही, तर दररोज दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. तेथील माणसाला भरतीची वेळ विचारण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. पर्यटकांसाठी पाण्यावरचे बंगले प्रथम बांधले गेले तेही याच प्रदेशात, 1967 मध्ये रायाटेआ बेटावर. तीन अमेरिकन भागीदारांच्या हॉटेलाला तेथे वाळूचा किनारा लाभला नव्हता, म्हणून त्यांनी खोल्याच पाण्यावर नेल्या. पाण्यावर खांब रोवून राहण्याची रीत आग्नेय आशियात फार जुनी आहे, ब्रुनेईचे कांपोंग आयेर हे पाण्यावरचे अख्खे गाव शतकानुशतके नांदते आहे; परंतु काचेच्या तावदानातून पायाखालचे मासे पाहण्याची हौस मात्र अलीकडची.

भरतीचे झाले, पण लाटांचे काय? खुल्या समुद्राच्या लाटा त्या खांबांवर रोज आदळत्या, तर असे बंगले फार दिवस टिकले नसते. मी राहत होतो तिथून पाऊण-एक किलोमीटरवर पाण्यात पांढऱ्या फेसाची एक सलग रेघ दिसत असे आणि रात्री तिचा घुमणारा आवाज ऐकू येई. ती प्रवाळभिंतीची कड. महासागराच्या लाटा तिथे फुटतात आणि आत येते ते फक्त उरलेले हेलकावणे. जगभरातील मोजमापे एकत्र करून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रवाळभिंती लाटांची सरासरी 97 टक्के ऊर्जा शोषून घेतात, असे दिसून आले, आणि त्यातला बहुतेक भार एकटी कडच उचलते. बंगला खांबांवर उभा आहे हे खरे, पण त्याला उभा ठेवणारी वस्तू ती भिंत आहे.

ही भिंत प्रवाळ नावाच्या लहान प्राण्यांनी बांधलेली असते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन ते चुनखडीचा सांगाडा तयार करतात आणि एका पिढीच्या सांगाड्यावर दुसरी पिढी वाढते. खोल समुद्रात अशी वर्तुळाकार भिंत कशी उभी राहिली, हे कोडे चार्ल्स डार्विन यांनी सोडवले. 1835 च्या नोव्हेंबरात ताहितीच्या उंचावरून त्यांनी समोरचे मोरेआ बेट पाहिले. मध्ये डोंगर, भोवती शांत पाण्याचा पट्टा आणि त्याबाहेर फेसाची कड, जणू चौकटीत बसवलेले चित्र. 1842 मध्ये त्यांनी आपला विचार सविस्तर मांडला. ज्वालामुखीचे बेट आपल्या भाराने हळूहळू खाली खचत जाते, त्याच्या काठावरचे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात, आणि शेवटी डोंगर बुडून गेल्यावर उरते ते केवळ प्रवाळांचे कंकण आणि आतले उथळ पाणी. हे खरे असेल, तर खूप खोल खणल्यावर ज्वालामुखीचा खडक सापडायला हवा. तो सापडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. 1952 मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटोक येथे हजार मीटरहून अधिक जाडीच्या चुनखडीतून छिद्र पाडल्यावर खाली बेसॉल्ट लागला, आणि बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड.

अशा कंकणाला इंग्रजीत ‘ॲटॉल’ हे जे नाव आहे, ते मालदीवच्या धिवेही भाषेतील ‘अतोळु’ या शब्दावरून आले आहे. धिवेही ही मराठीप्रमाणेच संस्कृत-प्राकृताच्या कुळातील भाषा आहे; आमचा नावाडी दोर मोजताना ‘एके, दे, तिने, हतरे’ म्हणत असे, तेव्हा मला क्षणभर घरीच असल्यासारखे वाटले.

कंकणाच्या आतल्या पाण्याचा रंग सर्वांना विशेष वाटतो, पण तो समजायला सोपा आहे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते आणि निळा-हिरवा पुढे जाऊ देते. खाली चुनखडीची पांढरी वाळू असते, ती हा उरलेला प्रकाश वर परत पाठवते. आणि पाण्यात पोषक द्रव्ये कमी असल्याने ते गढूळ करणारे सूक्ष्म जीवही कमी असतात. खंभातच्या आखातात मही, नर्मदा, साबरमती आणि तापी यांचा गाळ सतत घुसळला जात असल्याने तेथे पाणी मातकट दिसते आणि प्रवाळांना जगता येत नाही. गुजरातमध्ये प्रवाळ आहेत, पण ते कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या पिरोटन बेटाच्या परिसरात.

त्या पांढऱ्या वाळूबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. ती नदीने आणलेली नाही, कारण मालदीवमध्ये नदी नाही. पोपटासारखी चोच असलेले मासे प्रवाळावरील शैवाल खरवडताना चुनखडीही कुरतडतात, तिचे पोटात पीठ करतात आणि ते विष्ठेवाटे बाहेर टाकतात. मालदीवमधील एका बेटाच्या भिंतीचा हिशेब मांडला गेला, तेव्हा नव्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक या माशांनी तयार केलेली निघाली. सकाळी पाण्यात डोके घातले की त्यांचे कुरतडणे स्पष्ट ऐकू येते. बेटाची जमीन तयार होण्याचा आवाज कानाने ऐकता येतो, असे दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

वादळांची भीतीही मालदीवमध्ये कमी आहे. चक्रीवादळाला फिरण्यासाठी पृथ्वीच्या परिवलनाचा जो आधार लागतो, तो विषुववृत्तापाशी नाहीसा होतो, म्हणून विषुववृत्ताच्या अगदी लगतच्या पट्ट्यात चक्रीवादळे सहसा तयारच होत नाहीत. पण येथे वादळ नसले तरी दूरचा समुद्र त्रास देऊ शकतो. मे 2007 मध्ये दक्षिणेकडील महासागरात हजारो किलोमीटरवर उठलेल्या लाटा मालदीवपर्यंत पोहोचल्या आणि अनेक बेटांवर समुद्राचे पाणी शिरले. भिंतीवर पाणी जितके उथळ, तितक्या लाटा चांगल्या फुटतात. भिंतीवरचे पाणी वाढले की त्यांना आत येण्याची वाट मिळते.

काकूंच्या प्रश्नाचा अवघड भाग इथे येतो. समुद्राची पातळी जगभरात वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे. निरोगी प्रवाळभिंतही वर्षाला काही मिलिमीटर वर वाढू शकते, म्हणजे ही शर्यत हरलेली नाही, पण तिला धावणारी भिंत जिवंत हवी. प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते आणि त्याचे बहुतेक अन्न तेच तयार करते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंशाने वाढून महिनाभर तसेच राहिले, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि तापमान वेळेवर उतरले नाही तर उपासमारीने मरतो. 1998 च्या एल निनोमध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातील सुमारे 90 टक्के प्रवाळ असे मेले. मेलेली भिंत लगेच कोसळत नाही, पण लाटा, मासे आणि पोखरणारे जीव तिला झिजवत राहतात आणि बांधणारा कोणी उरत नाही.

बंगल्यांचाही यात वाटा आहे आणि तो लपवू नये. खांब रोवताना उठलेला गाळ प्रवाळांवर बसतो. बंगल्याच्या सावलीत समुद्री गवत खुरटते. पाहुण्यांना स्वच्छ पांढरा तळ दिसावा म्हणून काही ठिकाणी ते गवत मुद्दाम उपटले जाते, हे मला फार चुकीचे वाटते, कारण वाळू धरून ठेवण्याचे काम तेच करते आणि कासवांचे चरण्याचे रानही तेच असते.

हे सारे काकूंना सांगितले, तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “मेलेले पुन्हा वाढायला किती वर्षे लागतात?” फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटरपर्यंत वाढतात, त्यामुळे 1998 नंतर मालदीवच्या अनेक भिंती दहा-पंधरा वर्षांत पुन्हा भरल्या होत्या. मग 2016 आले, आणि आठ वर्षांनी 2024; दोन्ही वेळा पाणी पुन्हा तापले आणि प्रवाळ पांढरे पडले. गोलाकार, शिळेसारखे वाढणारे प्रवाळ मात्र वर्षाला सेंटीमीटरभरच पुढे जातात आणि उष्णताही अधिक सोसतात. माझ्या शिडीपासून दहा-बारा हातांवर तसा एक होता, मध्यापासून कडेपर्यंत साधारण अर्धा मीटर. म्हणजे तो पन्नासएक वर्षांचा असावा, त्या बंगल्याहून जुना, आणि ही तिन्ही वर्षे पाहिलेला. परतण्याच्या दिवशी मी त्याच्याजवळ पोहत गेलो, तेव्हा त्याच्या माथ्यावर तळहाताएवढा भाग पांढरा दिसला आणि बाकी सगळा तपकिरी, म्हणजे जिवंत होता.