बाटिक आणि इकत: आधी कापड की आधी नक्षी?

जकार्ताच्या वस्त्रसंग्रहालयात किंवा इंडोनेशियन कापडांच्या कुठल्याही दालनात बाटिक आणि इकत यांची हमखास गल्लत होते. रंग तेच, निळा, तपकिरी, लाल. दोन्हींत नको तिथे रंग लागू न देता नक्षी उठवलेली. फरक आहे तो वेळेचा. बाटिकची नक्षी विणून तयार झालेल्या कापडावर चढते, तर इकतची सुट्या धाग्यांवरच ठरून जाते.

जावातल्या बाटिकसाठी चांतिंग हे हत्यार लागतं: तांब्याची इवलीशी वाटी, तिला बारीक तोटी आणि धरायला दांडी. त्यातून वितळलेलं मेण सोडत रेघा काढतात, कापड रंगात बुडवतात, मग उकळत्या पाण्यात मेण काढतात. हाती काढलेल्या उत्तम बाटिकला मेण दोन्ही बाजूंनी लावतात. त्यामुळे उलट-सुलट दोन्ही बाजूंना नक्षी सारखी दिसली की ते इकतच, हा समज खरा नाही.

कड बघावी. बाटिकची रेघ नेमकी थांबते. इकतमध्ये धागे गठ्ठ्यांनी बांधून रंगवलेले असतात आणि विणताना ते केसभर तरी सरकतातच, म्हणून आकाराच्या कडेला रंग पिसासारखा फाकलेला दिसतो. सुंबा बेटावरच्या हिंगी वस्त्रांतले घोडे आणि हरणं नीट पाहा. तिथे फक्त ताणा, म्हणजे उभे धागे, बांधून रंगवतात, म्हणून रंग उभ्या धाग्यांच्या दिशेनेच फाकतो.

बालीतल्या तेंगानान गावचं गेरिंगसिंग याच्याही पुढचं. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही आधी रंगवायचे आणि विणताना जुळवायचे! माझ्या मते विणकराच्या कौशल्याची याहून मोठी कसोटी नाही. असं दुहेरी इकत जगात मोजक्याच ठिकाणी होतं. त्यातलं एक गुजरातमधलं पाटण. तिथले साळवी विणकर बाराव्या शतकात आपल्या जालन्याहून तिकडे गेले, असं परंपरा सांगते.

पाटणची ही दुहेरी इकत वस्त्रं म्हणजे पाटोळे. ते व्यापाऱ्यांच्या जहाजांतून इंडोनेशियात गेले आणि राजघराण्यांनी ते वारसा म्हणून जपले. खरी फसगत होते ती त्यांच्या नकलेपाशी. जावातल्या पेकालोंगानच्या ज्लाम्प्रांग बाटिकमध्ये पाटोळ्याची नक्षी मेणाने उतरवली आहे. जोग्याकार्ताच्या नितिक प्रकारात तर चांतिंगच्या तोटीचं टोक चिरून चौकोनी ठिपके टाकतात, म्हणजे नक्षी विणल्यासारखी दिसावी. अशा कापडापुढे नक्षी सोडून एकेका ठिपक्याकडे बघा: रंग धाग्याच्या रेषेत फाकलेला नसेल, तर ते बाटिक.