"ताई, तुमचं नाव समितीत टाकू का?"

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. आपण मान डोलावतो आणि कोणती समिती ते विचारायचं राहून जातं. मीही विचारलं नव्हतं. शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर बहुधा ती शाळा व्यवस्थापन समिती. खासगी असेल तर पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. बोलताना दोन्हींना सरसकट 'पालक समिती' म्हणतात, घोळ तिथेच होतो.

मधली खुर्ची कुणाची ते आधी बघा. व्यवस्थापन समितीत अध्यक्ष पालक असतो, मुख्याध्यापक सदस्य सचिव. संघाच्या कार्यकारी समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालक उपाध्यक्ष.

व्यवस्थापन समिती आली २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातून. तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्याच लागतात. शाळा विकास आराखडा तिने करायचा आणि अनुदानाचा पैसा कुठे गेला यावर नजरही तिनेच ठेवायची. बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीने चालतं. म्हणजे वर्गाची गळती दुरुस्त झाल्याचं बिल आलं, तर छत खरंच बघून या आणि मगच चेकवर सही करा. इतिवृत्ताची वही सहीसाठी घरपोच येते, तेव्हा तर जास्तच सावध राहा. न झालेल्या बैठकीला 'सर्वानुमते' हजर राहणारे सदस्य कमी नाहीत! एक मेख मात्र आहे: २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित खासगी शाळेला ती बंधनकारकच नाही.

संघाचं तसं नाही. शाळेतला प्रत्येक पालक त्याचा सभासद असतोच. कार्यकारी समितीवर मात्र इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवड होते, 'आमच्या ओळखीचे' म्हणून नाव घालता येत नाही. ही समिती म्हणजे स्नेहसंमेलनाची बिनपगारी फौज असा अनेकांचा समज आहे, आणि शाळांनाही तो सोयीचा वाटतो. पण २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने तिच्या हाती फीचा प्रश्न दिलाय. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या ६ महिने आधी संस्थाचालकांनी फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवायचा, तिने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. ठरलेली फी २ वर्षं बदलता येत नाही. दोघांच्या आकड्यांत १५ टक्क्यांहून जास्त अंतर पडलं, तर संस्थाचालक विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतात.

शाळेच्या बँक खात्याशी मात्र संघाचा संबंध नाही. त्यामुळे पहिल्या बैठकीत काय मागायचं तेही वेगळं: व्यवस्थापन समितीत असाल तर पासबुक, संघात असाल तर फीच्या प्रस्तावाची प्रत.