एच-निर्देशांक : जैववैद्यक संशोधनातील वापर

संशोधकाने किती शोधनिबंध लिहिले आणि इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवणारे मापन. एखाद्याच्या निबंधांपैकी २५ निबंधांना प्रत्येकी किमान २५ उद्धरणे (सायटेशन) असतील आणि २६ निबंधांना प्रत्येकी २६ नसतील, तर त्याचा एच-निर्देशांक २५. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. उद्धरणांची पद्धतशीर नोंद मात्र १९६४ पासून, युजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्सपासून होत आली आहे.

गणना : निबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने लावावेत आणि वरून क्रमांक घालत जावे. ज्या शेवटच्या क्रमांकावर उद्धरणे क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त असतात, तो एच. समजा, नऊ निबंधांची उद्धरणे ४८, ३१, १९, ९, ६, ६, ४, २, १ अशी आहेत. सहाव्या निबंधाला ६ आहेत, सातव्याला ४ च. म्हणून एच ६. पहिल्या निबंधाची ४८ उद्धरणे उद्या ४,८०० झाली तरी एच ६ च राहील. उलट पाचव्या आणि सहाव्या निबंधाला प्रत्येकी एक व सातव्याला तीन, अशी अवघी पाच उद्धरणे वाढली की तो ७ होतो. आत्म-उद्धरणांनी, म्हणजे स्वतःचेच निबंध उद्धृत करून, आकडा फुगवणारे नेमके याच उंबरठ्यावरचे निबंध हेरतात. म्हणून स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या उद्धरण-संग्रहांमध्ये आत्म-उद्धरणे वगळूनही आकडा पाहावा. एकूण उद्धरणे बहुधा एचच्या वर्गाच्या तीन ते पाच पट असतात, असे हिर्श यांचे निरीक्षण होते. वरच्या उदाहरणात ती साडेतीन पट आहेत.

मोजणीआधीची साफसफाई : चुका बहुतेक इथेच होतात. आडनाव व आद्याक्षर एवढ्यावर शोध घेतला, तर वांग, ली, कुमार अशा नावांखाली अनेकांचे काम एकत्र येते. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन खात्यांत विभागले जाते. प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख देणाऱ्या सोळा अंकी ऑर्किड क्रमांकाने हा घोळ बराच कमी होतो, पण लेखकाने त्यातली यादी अद्ययावत ठेवली तरच. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके आणि पूर्वमुद्रितेही (नियतकालिकात छापण्याआधी जाहीर केलेले मसुदे) मोजतो, त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा असतो. पूर्वमुद्रित आणि छापील निबंध वेगळे नोंदले गेले, तर एकाच कामाची उद्धरणे दोघांत वाटली जातात. म्हणून कोणता संग्रह आणि कोणती तारीख, हे आकड्याशेजारी लिहावे. नुसता 'एच ३२' हा अर्धवट मजकूर होय.

अर्थ लावताना : दोन ज्ञानशाखांतील एचची तुलना निरर्थक असते. हिर्श यांच्या मूळ निबंधातच चेताशास्त्रज्ञ सॉलोमन स्नायडर यांचा एच १९१ होता, तर भौतिकशास्त्रज्ञांत अग्रभागी असलेल्या एडवर्ड विटेन यांचा ११०. जैववैद्यकाच्या आतही हीच अडचण येते. कर्करोगावर लिहिणारे पुष्कळ, शरीररचनाशास्त्रावर थोडे. मग उद्धरणेही त्याच प्रमाणात.

उद्धरण म्हणजे उपयोग झाल्याची खूण, शोधाच्या थोरवीची नव्हे. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधात द्रावणातील प्रथिन मोजण्याची रीत आहे. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली, कारण ती रीत वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला तो निबंध उद्धृत करावा लागे. आढावा-निबंधांचेही असेच होते : नवा प्रयोग एकही नसतो, उद्धरणे भरपूर. उद्धरण विरोधासाठीही असू शकते. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लॅन्सेटमधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी तो उद्धृत होतच राहिला. त्यांतील पुष्कळ उद्धरणे त्याचे खंडन करणारी आहेत.

लेखकक्रम एचला दिसत नाही. जैववैद्यकात सहसा पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळा-प्रमुखाचे असते. मोठ्या वैद्यकीय चाचणीत शेकडो नावांमधल्या चाळिसाव्या लेखकालाही प्रत्येक उद्धरण पूर्ण मिळते. निवड समितीने पहिल्या व शेवटच्या स्थानावरचे निबंध वेगळे काढून त्यांचा एच पाहिला, तर चित्र पुष्कळ बदलते.

एच कधी घटत नाही, म्हणून तो वयाला झुकते माप देतो. हिर्श यांनी त्यावर एचला पहिल्या निबंधापासूनच्या वर्षांनी भागण्याचा उपाय सुचवला, पण प्रसूती, आजारपण किंवा रुग्णसेवेत गेलेली वर्षे त्यातही धरली जातात. एकेका निबंधासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे सापेक्ष उद्धरण गुणोत्तर अधिक बरे : ते विषय आणि प्रकाशनवर्ष दोन्ही जमेस धरते. नियतकालिकाचा प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांना मिळणारी सरासरी उद्धरणे) मात्र व्यक्तीला लावू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाबाबतचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ पासून सांगत आहे.