सगळे कंटेनर उघडून का बघत नाहीत?

नागपूर ही सुपारीची जुनी आणि मोठी बाजारपेठ. त्यामुळे परदेशी सुपारी पकडल्याची बातमी आली की इथं कुणी ना कुणी हमखास म्हणतो, "कस्टमवाले काय झोपले होते? एकेक डबा उघडून पाहायला काय जातं?"

काय जातं ते आधी बघू. नागपूरला समुद्र नाही. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांसाठी आलेला माल न्हावाशेवा बंदरावर उतरतो आणि सील न तोडता आठशेहून अधिक किलोमीटर आत, इथल्या इनलँड कंटेनर डेपोत येतो. कस्टमचं क्लिअरन्स इथं होतं. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 33 घनमीटर. त्यात 25 किलोच्या पोत्यांत 20 टन माल असेल, तर झाली 800 पोती. ती हमालांनी उतरवायची, मोजायची, हवी ती फोडायची, नमुना काढायचा आणि परत भरायची. मे महिन्यात, पत्र्याच्या त्या पेटीत. एका डब्याचा दिवस गेला. तोवर डेपोचं भाडं चढतं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शनही, म्हणजे रिकामा कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकारही, सुरू होतो.

म्हणून थोडेच उघडायचे. पण कोणते? शितावरून भाताची परीक्षा करावी म्हटलं, तर भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. एका व्यापाऱ्याच्या डब्यावरून दुसऱ्याच्या डब्याबद्दल काहीच कळत नाही.

समजा, हजार कंटेनर आले, त्यांतल्या दहांत लबाडी आहे आणि मनुष्यबळ पन्नास उघडण्याइतकंच आहे. डोळे मिटून पन्नास निवडले, तर सरासरीने अर्धा लबाड कंटेनर सापडेल. म्हणजे पाचांपैकी तीन वेळा हाती काहीच नाही. आता कुणी आधीच छाननी करून शंभर संशयित बाजूला काढले आणि दहापैकी सात लबाड त्या शंभरांत आले असं धरा. त्यांतले पन्नास उघडले की सरासरी साडेतीन सापडतात. माणसं तेवढीच, दिवस तेवढाच, आणि पकड सातपट. जोखीम व्यवस्थापन म्हणतात ते एवढंच. भारतीय कस्टमने ही संगणकीय छाननी 2005 साली सुरू केली. आता तिची धुरा 2017 मध्ये स्थापन झालेल्या विश्लेषण व जोखीम व्यवस्थापन महासंचालनालयाकडे आहे.

छाननी मालावर चालत नाही, कागदावर चालते. आयातदाराचा एजंट 'बिल ऑफ एंट्री', म्हणजे आयात मालाचा तपशील सांगणारा कस्टमचा अर्ज, ऑनलाइन भरतो. नियमानुसार ते माल पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, त्यामुळे डबा वाटेत असतानाच संगणकाचं काम सुरू होतं. माल काय, कुठल्या देशाचा, भाव काय, वजन किती, आयातदार नवा की जुना, मागच्या खेपांत काय निघालं होतं? काही बिलं थेट पुढे जातात. काहींचे कागद अधिकारी तपासतो, काहींचा माल, काहींचं दोन्ही. 2020 पासून कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. नागपूरचं बिल कुणाच्या पडद्यावर उघडेल हे नागपुरात कुणाला ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसावं यासाठीच ती व्यवस्था आहे. ज्यांचा कारभार आधीच तपासून 'अधिकृत आर्थिक परिचालक' असा दर्जा दिलाय, त्यांच्या मालाला कमी हात लागतो.

साधा आकडासुद्धा किती बोलतो बघा. कुणी लिहिलं, "फोमच्या शीट, वीस फुटी कंटेनर, मालाचं वजन 18 टन." गादीचा साधा फोम घनमीटरला तीसेक किलो भरतो. 33 घनमीटर गच्च भरले तरी जेमतेम एक टन. मग उरलेलं सतरा टन काय आहे? 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवतच नाहीत, त्यामुळे वजनाची थाप पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. भावाचंही तसंच. त्याच मालाच्या देशभरातल्या खेपांचे दर प्रणालीत असतात, आणि एखादा दर त्या घोळक्यापासून फारच खाली पडला की तो उठून दिसतो.

सुपारीत मात्र वजनही खरं असू शकतं आणि मालही खरा. थाप असते ती मूळ देशाची. सुपारीवर मूळ सीमाशुल्क 100 टक्के आहे आणि फेब्रुवारी 2023 पासून किलोला 351 रुपयांपेक्षा कमी भावाची आयात सहसा चालत नाही. शेजारच्या काही देशांशी असलेल्या करारांत मात्र त्या देशात पिकलेल्या मालाला शुल्कात सवलत मिळते. मग पिकलं एकीकडे, कागद दुसरीकडचा, असा मोह होणारच. त्यासाठी 2020 मध्ये नियम कडक झाले आणि सवलत मागणाऱ्या आयातदाराने मूळ देशाची माहिती स्वतःजवळ ठेवणं बंधनकारक झालं. जोखमीची छाननी करणाऱ्याला इथं पिकाचं सामान्यज्ञान लागतं. ज्या देशात सुपारीच्या बागा बेताच्या, तिथून खेपांवर खेपा कशा येतात?

न उघडता आत बघायचं यंत्रही असतंच. विमानतळावर बॅग तपासणारं यंत्र साधारण दीड लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्ष-किरणांवर चालतं. ते कंटेनरच्या मालात विरून जातील. बंदरावरच्या मोठ्या स्कॅनरमध्ये ही ऊर्जा 40 ते 90 लाख असते आणि 30 सेंटिमीटर पोलादाच्या पलीकडचंही चित्र मिळतं. काही यंत्रं दोन वेगळ्या ऊर्जांचे झोत आलटून पालटून सोडतात. जड मूलद्रव्यं आणि हलकी मूलद्रव्यं या दोन झोतांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्या गुणोत्तरावरून लोखंड कुठे आणि धान्यासारखा सेंद्रिय माल कुठे हे रंगाने दाखवता येतं. कापडाच्या गाठींमागे दुसरंच काही रचलेलं असेल तर चित्रातली रेघ मोडते. पण सुपारी या देशाची की त्या देशाची, हे सांगणारा क्ष-किरण अजून निघालेला नाही.

इथवर पटतं. व्यापाऱ्यांना पटत नाही ते पुढचं. कागद स्वच्छ, इतिहास स्वच्छ, तरी अचानक तपासणी लागते. "आमचाच माल कसा काय लागला बा?" तर उत्तर बहुधा असं, की काही कारण नव्हतं, रँडम नंबर लागला. मला विचाराल तर या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत शास्त्रीय भाग हाच.

का ते सांगतो. जिथं पूर्वी सापडलं तिथंच शोधत राहिलं, तर तिथंच सापडत राहणार, आणि आकडेवारी म्हणणार की बघा, लबाडी तिथंच आहे. बाकीच्या अंधारात काय चाललंय हे कधी कळणारच नाही. कारणाशिवाय उघडलेले डबे हा त्या अंधाराचा प्रामाणिक नमुना असतो. असे पाचशे उघडले आणि पाचांत खोट निघाली, तर सगळ्या आयातीत खोटेपणा एक टक्क्याच्या आसपास आहे असा अंदाज बांधता येतो. संशयावरून उघडलेल्या डब्यांतही एकच टक्का निघत असेल, तर तो संशयाचा नियम फेकून द्यायच्या लायकीचा. शिवाय नुसते नियम असते तर चलाख माणसाने चार-सहा स्वच्छ खेपा पाठवून ते ओळखले असते. नशिबाचा भाग त्याला ओळखता येत नाही.

मात्र त्या तपासणीची हमाली आणि भाडं त्या एकाच व्यापाऱ्याच्या माथी यावं, हे मला पटत नाही. मिळालेली माहिती साऱ्यांच्या कामाची, खर्च त्याच्या एकट्याच्या खिशातून.

आणि ही सगळी गणितं शेवटी डब्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसावर टेकलेली आहेत. तो काय लिहितो ते प्रणालीत परत जातं आणि पुढची छाननी त्यावर शिकते. त्याने दारातली चार पोती बघून "माल ठीक" लिहिलं, तर एक खेप सुटली एवढ्यावर भागत नाही. तो आयातदार, तो माल, तो देश यांच्या नावावर एक खोटी चांगली नोंद चढते.

न उघडता सुटलेल्या डब्याचं काय? 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे माल सोडायची कस्टमची परवानगी, मिळाली म्हणजे विषय मिटला असं अनेकांना वाटतं. माल विकला जातो, गिऱ्हाइकांपर्यंत पोचतो, आणि मग ऑडिटवाले कागद मागतात. साध्या चुकीसाठी शुल्काची मागणी दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, जाणूनबुजून केलेल्या लपवाछपवीसाठी पाच वर्षांपर्यंत.