कचऱ्याचा धूर फक्त छातीलाच बाधतो?

मुंबईतल्या देवनार डम्पिंग ग्राउंडच्या आसपास एक समज पक्का आहे: धुरानं खोकला येतो, बाकी काही नाही, आणि मूल होत नसेल तर तपासणी बाईची. दोन्ही चूक. प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात; जुन्या बॅटऱ्या, वायरींतून शिसं, कॅडमियम असे विषारी धातू सुटतात. शिसं शरीरात साठलं की शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, हे बॅटरी कारखान्यांतल्या कामगारांत दिसलेलं आहे. तांब्यासाठी वायरी जाळणारी पोरं तर हा धूर थेट तोंडावर घेतात, याचं फार वाईट वाटतं. म्हणून तिथला प्रत्येक पुरुष वंध्य, असंही नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात; संपर्क थांबला तर सुधारणा होऊ शकते. वीर्यतपासणी सोपी आहे: 2 ते 7 दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. बायकोला दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावण्याआधी ही तपासणी करून घ्या.